हलाखी मोजायची कशी? थकीत कर, तीन तराजू आणि संशोधकाचा प्रश्न

पेट, नेट-सेट किंवा संशोधन आराखड्याच्या तयारीत असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: 'तुमच्या आराखड्यातला हा शब्द तुम्ही मोजणार कसा?' गरिबी, विकास, सक्षमीकरण असे मोठे शब्द आपण लिहून जातो आणि या प्रश्नाशी अडखळतो. आज असाच एक शब्द घेऊ. अडचण. आणि तोही कायद्यातला. माणसाकडे सरकारचा कर थकला, तो म्हणाला, 'साहेब, खरंच अडचण आहे, काहीतरी सवलत द्या,' तर सरकार त्याची अडचण कशात तोलतं?

मी चोरखमाऱ्याची. तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा. गावाला लागून तलाव आणि नागझिऱ्याचं जंगल, शेती धानाची. आयकर हा शब्द इथे रोजच्या बोलण्यात नसतो, पण सरकारी देणं प्रत्येक घराला असतंच: शेतसारा, पाणीपट्टी, घरपट्टी. करथकबाकीवरचं लेखन वाचताना मला सतत जाणवतं की त्यात आयकराच्या निकालांची गर्दी आहे आणि गावातलं देणं जवळजवळ नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर चित्र बदलतं. माझं म्हणणं असं: आपल्याकडे अडचण तोलायचे तीन तराजू आहेत आणि तिघांपैकी एकही माणसाच्या घरापर्यंत नीट पोचत नाही. कसं ते बघू.

पहिला तराजू: गाव

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम ७८ नुसार पीक बुडालं, पूर आला किंवा दुसरी नैसर्गिक आपत्ती आली, तर राज्य सरकार एखाद्या क्षेत्रातला महसूल कमी करू शकतं, तहकूब करू शकतं किंवा माफ करू शकतं. इथे 'क्षेत्र' हा शब्द अधोरेखित करा. सवलत क्षेत्राला मिळते. अमक्या शेतकऱ्याच्या घरात आजारपण आहे म्हणून नाही, तर अमुक गावाचं पीक कमी आलं म्हणून.

पीक कमी आलं हे ठरवायची पद्धत म्हणजे पैसेवारी. चांगल्या वर्षाचं पीक म्हणजे एक रुपया, त्याच्या तुलनेत यंदाचं पीक किती पैसे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. ५० पैशांच्या खाली गेलं तर टंचाई किंवा दुष्काळसदृश स्थिती, वर राहिलं तर सगळं ठीक. पूर्वी हीच मोजणी आण्यांत व्हायची म्हणून जुन्या कागदांत 'आणेवारी' दिसते.

ही पद्धत वाईट आहे असं म्हणायची घाई करू नका. तिचा एक मोठा गुण आहे: तिला माप आहे. पीककापणीचा प्रयोग होतो, वजन होतं, आकडा जाहीर होतो, त्यावर हरकत घेता येते. कुणाला साहेबापुढे हात जोडून घरची हलाखी सांगावी लागत नाही. लाज आणि लाचारी दोन्ही वाचतात.

पण माप कशाचं? गावाच्या सरासरीचं. आता समजा, एकाच गावात दोन शेतकरी आहेत. एकाची बांधी तलावाच्या पाण्याखाली येते, दुसऱ्याची जंगलाच्या काठाला आहे, पावसावर अवलंबून. पाऊस ताणला तर पहिल्याला निम्म्याहून जास्त पीक, दुसऱ्याला तणस. वरून रानडुकरांनी उरलंसुरलं उकरलेलं. गावाची पैसेवारी ५५ आली की दोघंही 'ठीक'. ४५ आली की दोघंही 'अडचणीत'. आणखी एक गोष्ट धानपट्ट्यातल्या कुणालाही विचारा. धान कापलं, कडपा बांधीत वाळत पडलाय आणि त्यावर अवकाळी पाऊस आला, तर नुकसान कापणीनंतरचं असतं. पीककापणीच्या प्रयोगात धान आधीच तोललं गेलेलं असतं.

हा प्रश्न नवा नाही. १९१८ चा खेडा सत्याग्रह आपण शाळेत दोन ओळींत वाचतो. संशोधक म्हणून तो पुन्हा वाचा. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. नियम असा, की पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षाची पूर्ण वसुली तहकूब, सहा आण्यांच्या आत आलं तर निम्मी. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत होते वर आहे. भारत सेवक समाजाच्या वतीने गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर तिथे चौकशीला गेले होते. म्हणजे आधी भांडण आकड्याचं होतं.

शेवट मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. जूनमध्ये तोड निघाली ती अशी: ज्यांची ऐपत आहे त्यांनी भरावं, गरिबांची वसुली तहकूब होईल. वरवर पाहता ही जास्त न्याय्य व्यवस्था. पण गांधीजी या शेवटावर समाधानी नव्हते. गरीब कोण हे ठरवायचा हक्क लोकांचा, पण तो त्यांना प्रत्यक्षात वापरता आला नाही, हे त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. इथे थांबून विचार करा. आणेवारीत माणूस दिसत नव्हता. माणूस दिसायला लागला तेव्हा 'ऐपत कुणाची' हे ठरवायचं माप कुठेच नव्हतं. शंभर वर्षांनंतरही आपण याच दोन टोकांमध्ये आहोत.

आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात, मालगुजारीत होता. तिथे आणखी एक पेच. सरकारचा देणेकरी मालगुजार, नांगर धरणारं कूळ वेगळंच. अडचण कुणाची तोलायची, हा प्रश्न एका पायरीने खाली सरकतो. महसुली इतिहासावर काम करायचं असेल त्यांनी हा धागा धरून ठेवावा.

आजच्या दुष्काळाकडेही बघून घ्या. ३१ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेतल्या निर्देशांकांवरून: पाऊस, जमिनीतली ओल, वनस्पतींची स्थिती वगैरे. एकक गावावरून तालुक्यावर गेलं. सवलतींच्या यादीत जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी. मोजणी आधुनिक झाली, पण माणूस आणखी लांब गेला. आणि शेतसाऱ्याची रक्कम आज इतकी किरकोळ असते की तिच्या माफीने घरात फारसा फरक पडत नाही. यादीतला सगळ्यात जुना दिलासा सगळ्यात हलका झालाय.

दुसरा तराजू: माणूस

आता आयकराकडे. आयकर कायदा, १९६१, कलम २२०. नोटिशीतल्या मुदतीत कर भरला नाही तर महिन्याला १ टक्का व्याज. उपकलम (२अ) म्हणतं, हे व्याज आयुक्त किंवा त्यावरचे अधिकारी कमी किंवा माफ करू शकतात, पण तीन अटींवर. एक, व्याज भरल्याने करदात्याला खरीखुरी अडचण झाली किंवा होईल. दोन, थकबाकी त्याच्या हाताबाहेरच्या कारणांमुळे झाली. तीन, त्याने चौकशीत सहकार्य केलं. तिन्ही अटी एकत्र लागतात. (१ एप्रिल २०२६ पासून या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली, पण तुम्ही वाचाल ते निकाल १९६१ च्या कायद्यावरचेच आहेत.)

पहिल्याच वाचनात एक गोष्ट टिपा: माफी व्याजाची आहे. मूळ कर माफ व्हायची वाट या कलमात नाही. घर कितीही बुडालं तरी.

'खरीखुरी अडचण' म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा बी. एम. मलानी निकाल सगळीकडे उद्धृत होतो. त्यात करदात्याचे शेअर आणि ठेवी खात्याच्या ताब्यात होत्या आणि त्या मोडून कर वळता करून घ्या, अशी विनंती त्याने केली होती. न्यायालयाने काही चांगल्या गोष्टी सांगितल्या. आयुक्तांचा अधिकार मर्जीचा नाही, विवेकाने वापरायचा आहे. अशी विनंती आल्यावर खात्याने गप्प बसायला नको होतं, स्वतःच्या चुकीचा फायदा कुणालाच घेता येत नाही. आणि अन्याय्य देणं भरायला लावणं ही मुळातच अडचण आहे.

हे सगळं मान्य. पण समीक्षक म्हणून विचारा, न्यायालय अडचणीचा अर्थ शोधायला कुठे गेलं? शब्दकोशात आणि कायद्याच्या संदर्भात. अडचण 'खरी' हवी, खोटी नको, हे कळलं. पण किती? महिन्याला घरात किती उरलं म्हणजे अडचण? आजारपणाचा खर्च धरायचा की नाही? मुलीची फी धरायची की नाही? या प्रश्नांना निकालात हात लागत नाही, कारण प्रकरणातच ते नव्हते. शेअर आणि ठेवी असलेल्या माणसाच्या प्रकरणातून घडलेली व्याख्या आपण सगळ्यांना लावतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००१ च्या केईसी इंटरनॅशनल प्रकरणात, अपील चालू असताना वसुली थांबवायचा अर्ज आला तर अधिकाऱ्याने काय बघावं याची चौकट घालून दिली. करदात्याची आर्थिक स्थिती बघा, थोडक्यात का होईना कारणं लिहा. पुढे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये सूत्र आणलं: वादातल्या रकमेच्या १५ टक्के भरा, स्थगिती घ्या. २०१७ मध्ये ते २० टक्के झालं. २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अधिकारी त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देऊ शकतो. प्रवास बघा कसा झाला: न्यायालय म्हणतं माणूस बघा, कार्यालय म्हणतं टक्का बघू. अधिकाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. माप नसलेल्या शब्दावर सही करायची म्हणजे उद्या लेखापरीक्षणात उत्तर द्यायचं. टक्का सुरक्षित असतो.

माप ठेवता येतच नाही का? अमेरिकेत करथकबाकीवर तडजोडीचा प्रस्ताव देता येतो आणि त्यात मूळ करही कमी होऊ शकतो. तिथे अन्न, कपडे वगैरे खर्चाचे देशभरासाठीचे तक्ते आहेत, घरखर्चाचे काउंटीनुसार. उत्पन्नातून हे खर्च वजा जाता काय उरतं आणि मालमत्ता विकून काय येईल, यावर प्रस्ताव तपासतात. कायद्यात अशीही तरतूद आहे की तक्ता लावल्याने माणसाला जगायला पुरेसं उरणार नसेल तर तक्ता लावू नये. म्हणजे आधी माप आणि मग मापालाही अपवाद. ही पद्धत आदर्श आहे असं नाही. अर्ज किचकट, कागदपत्रं ढीगभर. पण 'अडचण म्हणजे काय' या प्रश्नाला तिथे निदान एक तपासता येणारं उत्तर आहे.

आणि आपल्याकडे अशी कल्पना नवीन नाही बरं का. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचा. जप्तीतून काय वगळायचं याची यादी आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी गुरं आणि बियाणं. आयकराच्या वसुलीतही हीच वगळणूक लागू केलेली आहे. 'एवढं तरी माणसाकडे राहिलंच पाहिजे' हे आपल्या कायद्याला जप्तीच्या वेळी कळतं. सवलतीचा अर्ज तपासताना मात्र ते कामाला येत नाही.

तिसरा तराजू: रक्कम

तिसऱ्या तराजूत माणूसही नाही, गावही नाही. फक्त आकडा. विवाद से विश्वास (२०२० आणि पुन्हा २०२४), राज्याच्या विक्रीकराच्या अभय योजना, महापालिकांची मालमत्ता करावरची शास्ती माफी, सगळ्यांची घडण एकच: ठरलेल्या तारखेआधी ठरलेली रक्कम भरा, बाकी सोडतो. महाराष्ट्राच्या २०२२ च्या अभय योजनेत १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ होती आणि १० लाखांपर्यंतच्या थकबाकीला २० टक्के एकरकमी भरून सुटका होती. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्यक्ष कराच्या मागण्या मागे घेतल्या.

छोट्या रकमा सरसकट सोडून देणं मला पटतं. वसुलीचा खर्च वाचतो, कुणाला अर्ज करावा लागत नाही. प्रश्न एकरकमी सवलतीचा आहे. 'मार्चअखेर २० टक्के भरा' ही सवलत कुणाला मिळते? ज्याच्याकडे मार्चमध्ये २० टक्के आहेत त्याला. जो खरंच बुडालाय, त्याच्याकडे तेही नाहीत. त्याची तारीख निघून जाते, पूर्ण देणं पुन्हा अंगावर. अडचणीच्या नावाने काढलेली योजना खिशात रोख असलेल्याला जास्त धार्जिणी ठरते.

याचं सगळ्यात टोकदार उदाहरण आयकरात नाही, ग्रामपंचायतीत आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ वाचा, पोटकलम (१), खंड (ह). बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही तर माणूस सदस्य व्हायला किंवा राहायला अपात्र. स्पष्टीकरणात पुढे म्हटलंय, एकत्र कुटुंबातल्या एकाने थकवलं तर सगळे अपात्र. आणि नामनिर्देशनाच्या दिवसाआधी भरलं तर अपात्रता नाही. या खंडात आर्थिक अडचण हा अपवादच नाही. म्हणजे काही शे रुपयांची घरपट्टी, भावाने थकवलेली, आणि उभं राहता येत नाही बहिणीला. ज्याच्याकडे आदल्या दिवशी पैसे आहेत तो सुटला. इथे पणाला लागलंय ते व्याज नाही, गावाच्या कारभारात बोलायचा हक्क आहे. खंड (ह) वरचे खटले वाचलेत तर दिसेल की भांडण बहुतेक वेळा बिल रीतसर बजावलं होतं का, यावर होतं. पैसे का भरता आले नाहीत, हा प्रश्न विचारायला कायद्यात जागाच नाही.

याच घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीची प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून ठेवली जातात. तिथे निदान माणूस समोर बसतो. पण तडजोड झाली की निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा आणि त्यावर अपील नाही. त्या टेबलावर अडचण कशी बोलली जाते, कोण काय कबूल करतं, हप्ते कसे ठरतात, यावर बसून नोंदी घ्यायला हव्यात. तुमच्यापैकी कुणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर हा घ्या.

मग संशोधकाने काय करायचं?

तीन तराजू पुन्हा ओळीने ठेवा. पैसेवारीला माप आहे, पण तिला माणूस दिसत नाही. 'खरीखुरी अडचण' माणसाकडे बघते, पण तिच्याकडे माप नाही. अभय योजनेला फक्त रक्कम कळते. वाद तिन्ही बाजूंनी होऊ शकतो, पण या विषयावर लिहिताना चार गोष्टी आधी स्वतःला विचारा.

१. एकक काय? गाव, तालुका, कुटुंब, व्यक्ती की खातं? कलम ७८ चं एकक आणि कलम २२० चं एकक एकाच तक्त्यात टाकू नका.

२. सिद्ध कुणी करायचं? पैसेवारीत सरकार मोजतं. आयकरात करदाता कागद आणतो. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याची अडचण कितीही खरी असली तरी ती 'खरीखुरी' ठरत नाही.

३. नकाराची नोंद कुठे आहे? छापील निकाल म्हणजे जे वकील लावून वरपर्यंत गेले त्यांचे निकाल. ज्याने अर्जच केला नाही, तो नमुन्यात येत नाही. निकालांवरून 'करखातं उदार आहे' किंवा 'निष्ठुर आहे' असा निष्कर्ष काढाल तर पहिल्याच सादरीकरणात पकडले जाल.

४. अडचण कुणाची मोजली जाते? केंद्राच्या अर्थसंकल्पी कागदांत न वसूल झालेला कर 'वादातला' आणि 'वादात नसलेला' असा मांडलेला असतो. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत 'वसूल होणे कठीण' असा गट भेटतो आणि कारणांमध्ये पुरेशी मालमत्ता नसणं, करदाता न सापडणं अशा नोंदी असतात. बघा हं, माणसाकडे काही उरलेलं नाही हे सरकारला माहीत आहे, ते लिहूनही ठेवलेलं आहे. पण ती नोंद कार्यालयाच्या अडचणीची आहे. त्या माणसाला ती दाखवून मोकळं होता येत नाही. देणं खात्यावर राहतं.

माझ्या मते या विषयातला खरा दोष चौथ्या मुद्द्यात आहे. अधिकारी कठोर आहेत की मऊ, यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. राज्याकडे हलाखीची माहिती आहे, ती वसुलीच्या भाषेत लिहिलेली आहे, देणेकऱ्याच्या भाषेत लिहिलेली नाही. उपाय म्हणून मी अमेरिकेचा तक्ता उचलून आणा म्हणणार नाही. पण कलम ६० ची यादी आपलीच आहे. जप्तीच्या वेळी जे माणसाकडे ठेवायचं, ते सवलत ठरवतानाही आधी बाजूला काढावं आणि नकार दिला तर त्याचं कारण त्या यादीच्या संदर्भात लिहावं, एवढं केलं तरी शब्दाला माप येईल आणि मापाला माणूस दिसेल. यावर आक्षेप असा येईल की मग प्रत्येक जण अडचण सांगेल आणि नियमित भरणाऱ्यावर अन्याय होईल. आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर द्यायचं तर आधी किती जण अर्ज करतात, किती नाकारले जातात आणि कोणत्या कारणाने, हे आकडे हवेत.

तेव्हा सुरुवात छोटी करा. तुमच्या तालुक्याची गेल्या पाच वर्षांची अंतिम पैसेवारी मिळवा. तुमच्या ग्रामपंचायतीच्या करवसुलीची नोंदवही बघायला माहिती अधिकारात अर्ज करा, नावं गाळून, फक्त रकमा आणि वर्षं. दोन्ही शेजारी ठेवा. पैसेवारी ५० च्या वर असलेल्या वर्षी घरपट्टी किती घरांची थकली? हा एक तक्ता तुमच्या आराखड्याच्या दहा पानांपेक्षा जास्त बोलेल. मार्गदर्शकांनी पहिला प्रश्न विचारला की हाच तक्ता त्यांच्यापुढे ठेवा.